दहांत न मोजलेली

इस्रायल आळी, अलिबाग

प्रिय बाळ,

आक्का गेल्याचं कळवलं तेव्हा रडता रडता तू विचारलंस, "आजीला हिब्रू धड येत नव्हतं, मग ती एवढी धार्मिक कशी?" इस्रायलच्या अश्दोदमध्ये वाढलेल्या मुलीला हा प्रश्न पडणारच. तुमच्याकडे हिब्रू बसच्या तिकिटावरही असतं. आक्काला शेमा तोंडपाठ होता. बाकीच्या प्रार्थना ती देवनागरीत उतरवलेल्या वहीतून म्हणायची, तेही कोकणी हेल काढून.

तिचा धर्म चुलीपाशी होता. समुद्राकाठी जन्म काढला, पण घरात कोळंबी आली नाही. खवले नसलेली मासळी ही घेणार नाही, हे कोळणींनाही ठाऊक होतं. त्या पापलेट पुढे करायच्या. मटणाच्या रश्शाला नारळाचं दूध, गाईचं कधीच नाही. शुक्रवारी काळ्या मनुका भिजवून शरबत, दिव्यात तेल, आणि मग शनिवारची संध्याकाळ होईपर्यंत चूल बंद. नव्याच्या सणाला गव्हाच्या चिकाचा हलवा घोटताना ती कुणाला हात लावू द्यायची नाही. तुम्ही ज्याला योम किप्पूर म्हणता, त्या दारफळणीच्या सणाला पांढरं लुगडं नेसून दिवसभर उपाशी. पाणीसुद्धा नाही, अगदी ऐंशी ओलांडल्यावरही. डॉक्टर रागवायचे, ती हसायची.

नवस फेडायचा तर मलिदा. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा, भोवती पाच फळं, आणि एलियाहू हन्नबीचं गाणं. त्याचा रथ आपल्या खंडाळ्यालाच टेकला होता, कातळावर चाकाची खूण आहे, असं ती इतक्या खात्रीने सांगायची की ती स्वतः तिथे हजर असावी.

1962 मध्ये इस्रायलच्या धर्मपीठाने आपल्या बेने इस्रायल लोकांच्या लग्नाआधी वंशावळ तपासायला सांगितली होती. आपली माणसं जेरुसलेमात धरणं धरून बसली, तेव्हा कुठे 1964 मध्ये प्रकरण मिटलं. ती बातमी इथे आली तेव्हा आक्का एवढंच म्हणाली, "मग आपल्या म्हाताऱ्यांनी शनिवारी घाणा कोणासाठी बंद ठेवला होता?" शनवार तेली म्हणून गाव ओळखत होतं आपल्याला. वंशावळ अजून कसली हवी?

आता खरं सांगायचं ते. 1948 नंतर लोक इस्रायलला जाऊ लागले आणि आळीतली घरं एकामागून एक रिकामी झाली. मागेन अबोथ सिनेगॉगची इमारत धडधाकट होती, पण सामूहिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात आणि ते जमेनात. ते जमवायचं काम आक्काने घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं. तिच्याकडे एक वही होती: पेणचे कोण, पनवेलचे कोण, ठाण्याहून कोण एसटीने येईल, मुंबईचा कोण गेटवेवरून मांडव्याला उतरेल, कोणाचे गुडघे दुखतात, कोणाला आदल्या रात्री मुक्कामाला बोलवावं लागेल. सणाच्या आठवडाभर आधी फोन सुरू. "नऊ झालेत रे, तुझ्यावाचून अडलंय" हे ती प्रत्येकालाच सांगायची. शनिवार पाळणारी ही बाई या एका बाबतीत बेधडक खोटं बोलत असे.

आणि त्या दहांत तिची गणती नव्हती. बाई धरत नाहीत. मला हा नियम पटत नाही, सिनेगॉगमध्येही मी तसं बोललो आहे. तिला पटत होता का, हे तिने कधी कळू दिलं नाही. दहावा आत आला की ती मागे जाऊन बसायची आणि वही उघडायची.

ती गेली त्या दिवशी कदिशच्या प्रार्थनेलाही दहाच हवे होते. तुझ्या बाबांना पोचायला वेळ लागणार होता, म्हणून तिचीच वही घेऊन मी फोनला बसलो. "नऊ झालेत, तुझ्यावाचून अडलंय," असं मीही सगळ्यांना सांगितलं. त्यातल्या पनवेलच्या एकाने विचारलं, "आक्कानेच सांगितलंय ना असं बोलायला?" कदिशच्या वेळी दहापेक्षा बरेच जास्त होते. त्यांच्यामागे आळीतल्या बायका आणि तिच्या ओळखीच्या कोळणी उभ्या होत्या.

वही आता माझ्याकडे आहे. बरीच नावं खोडलेली आहेत, काही नंबर जुने झालेत, आणि मला बारीक अक्षर दिसत नाही. बेखमीर भाकरीच्या सणाला येणार आहेस तर चार दिवस आधी ये. नवीन पानं तुझ्या हाताने लिहून घ्यायची आहेत. आणि फोनही तूच कर. तुझं मराठी ऐकून कोणी नाही म्हणणार नाही.

तुझा
मामाआजोबा