धर्मादाय खाट : दया की न्याय?

एखादा धनवान मनुष्य रुग्णालयास मोठी देणगी देतो; त्या देणगीतून काही खाटा गरिबांकरिता राखून ठेवल्या जातात; आणि खेड्यातील एखादा शेतमजूर किंवा विधवा तेथे विनामूल्य उपचार घेऊन बरी होऊन घरी परतते. हे कृत्य चांगले आहे, ह्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु त्यापुढे एक प्रश्न उभा राहतो, व त्याचा आमच्या मंडळ्यांनी शांतपणे विचार करावा असे आम्हांस वाटते. तो उपचार ही दात्याची दया होय, किंवा गरिबाचे न्याय्य देणे होय? आणि त्यायोगे आजारपणात गरीब व श्रीमंत खरोखर एका पायरीवर येतात काय?

कोणी म्हणेल की, ज्याने दिले त्याचे उपकार मानावेत. फुकट मिळालेल्या वस्तूची चिकित्सा करू नये. ह्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. कृतज्ञता हा सद्‌गुण आहे, व कृतघ्नाचे कोणीही समर्थन करणार नाही. तथापि उपचार फुकट असणे आणि तो गरिबाच्या हाती पडणे, ह्या दोन निराळ्या गोष्टी होत. ह्याचे एक उदाहरण वाचकांपुढे ठेवितो.

तमिळनाडूतील मदुराई येथे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी ह्यांनी, सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर, सन १९७६ साली ११ खाटांचे एक नेत्ररुग्णालय काढले. त्यांचे नाव अरविंद नेत्ररुग्णालय. संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झाली होती. तरी त्याच बोटांनी त्यांनी हजारो लोकांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया केली. ज्यांस पैसे देण्याची ऐपत आहे त्यांनी द्यावेत, आणि त्यांतून उरेल त्यावर ज्यांस ऐपत नाही त्यांची सेवा व्हावी, अशी त्यांची योजना होती.

खेडोपाडी शिबिरे भरू लागली. डोळे तपासून, शस्त्रक्रिया फुकट होईल, असे सांगण्यात येई. तरीही पुष्कळ लोक रुग्णालयाकडे फिरकत नसत. कारण शोधता असे दिसून आले की, शस्त्रक्रिया फुकट असली तरी मदुराईस जाणे फुकट नव्हते. गाडीभाडे कोठून आणावे? तेथे खावे काय? सोबत येणाऱ्या मुलाची मजुरी बुडेल, ती कोण भरून देणार? ही अडचण ध्यानात आल्यावर रोग्यास नेण्या-आणण्याची व त्याच्या जेवणाची व्यवस्था सुरू झाली, आणि शिबिरांचा असा वरखर्च गावोगावचे व्यापारी व सेवाभावी मंडळे उचलू लागली. ज्यास लाखाची देणगी देणे शक्य नव्हते, त्याच्याही दानास येथे जागा मिळाली.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आमच्या वाचकांच्या परिचयाचा आहे. त्या मनुष्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, एवढेच आपण बहुधा स्मरणात ठेवितो. परंतु त्याने जखमी मनुष्यास आपल्या जनावरावर बसविले, उतारशाळेत नेले, तेथील खर्चाकरिता दोन नाणी दिली, व अधिक लागल्यास परत येताना तेही भरण्याची हमी घेतली. वाहन, निवारा, भोजन व पुढचा खर्च, ह्या सर्वांचा हिशेब त्याच्या दयेत होता.

मदुराईच्या रुग्णालयातील आणखी दोन गोष्टी विचारात घेण्याजोग्या आहेत. पैसे देणारा व न देणारा ह्यांच्या खोल्यांत तेथे अंतर आहे. एकास स्वतंत्र खोली, तर दुसऱ्यास मोठ्या दालनात साधी जागा. परंतु शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर तेच. ते आळीपाळीने दोन्हीकडे काम करितात. दुसरी गोष्ट भिंगाची. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यांत बसवावयाचे भिंग पूर्वी परदेशाहून येई व फार महाग पडे. म्हणून गरिबास जाड काचेच्या चष्म्यावरच समाधान मानावे लागे. सन १९९२ मध्ये, देणगीदारांच्या साहाय्याने, ह्या संस्थेने भिंगे करण्याचा स्वतःचा कारखाना काढला आणि त्यांची किंमत कित्येक पटींनी उतरली. तेवढ्याच द्रव्यात परदेशी भिंगे घेऊन वाटली असती, तर काही थोड्यांचे कल्याण होऊन पेटी रिकामी झाली असती. यावरून आम्हांस असे वाटते की, समानता खाटेच्या गादीत शोधू नये. डॉक्टरच्या हातात व रोग्याच्या डोळ्यांतील भिंगात शोधावी.

आता आपल्या प्रांताकडे वळू. जी रुग्णालये धर्मादाय म्हणून नोंदलेली आहेत, त्यांस ह्या नात्याने समाजाकडून व सरकारकडून सवलती मिळतात. यास्तव मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली एक योजना १ सप्टेंबर २००६ पासून महाराष्ट्रात लागू आहे. तिच्या अन्वये अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांकरिता विनामूल्य, व आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांकरिता सवलतीच्या दराने राखून ठेवाव्या लागतात. आणि इतर रुग्णांच्या बिलांच्या २ टक्के रक्कम ह्याच कामाच्या निधीत टाकावी लागते. तातडीच्या प्रसंगी अशा रुग्णास अनामत रकमेसाठी दारात थांबवून ठेवता येत नाही.

तेव्हा ह्या खाटेवर निजणारा रोगी भिकारी नव्हे. दात्याची दया जेथे नियमाच्या रूपाने स्थिर झाली, तेथे ती न्याय बनली. दयेचे मूल्य ह्यामुळे कमी होत नाही. उलट दात्याच्या मर्जीवाचून, त्याच्या मृत्यूनंतरही ती चालू राहते.

परंतु येथे दाखल्याची अडचण आहे. मदुराईस रोगी स्वतःच ठरवितो की पैसे द्यावे की न द्यावे. त्याच्याकडे गरिबीचा पुरावा मागत नाहीत. आमच्याकडे शिधापत्रिका किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला दाखवावा लागतो. कोणी विचारील, पुरावा न मागितल्यास सधन लोक फसवणार नाहीत काय? काही फसवितील, आणि राखीव खाटा मोजक्या असल्यामुळे नियम असणे आम्ही अयोग्य म्हणत नाही. परंतु दहा लबाडांस अडविण्यासाठी निरक्षर म्हातारीस कचेरीचे खेटे घालावे लागले, व तेवढ्यात तिचा रोग बळावला, तर तो तोटा कोणाच्या वहीत मांडावा?

ह्या ठिकाणी आमच्या उपदेशक बंधूंचे काम आहे. गावातील कोणाची शिधापत्रिका नाही, कोणाच्या दाखल्याची मुदत संपली आहे, हे आजार येण्यापूर्वीच पाहून ठेवावे. रोग्याबरोबर स्वतः जावे, आणि निर्धनांच्या खाटेविषयी नम्रतेने, पण न लाजता विचारावे. मंडळीने आपल्या वर्गणीतून गाडीभाड्याकरिता थोडी रक्कम बाजूस ठेवावी, व तिचा लाभ देताना रोग्याची जात किंवा धर्म विचारू नये. थोर दात्यांनी इमारती उभारिल्या; गावापासून त्या इमारतीच्या दारापर्यंतची वाट मात्र आपणांस भरून काढता येईल.