अन्यायी हाताचे दान

एखादे राज्य बुडते तेव्हा त्याने लुटले किती, याचा हिशेब मांडायला पुष्कळ जण पुढे येतात. त्याने दिले काय, हा प्रश्न मात्र अडचणीचा असतो. कारण घेणाऱ्यांत आपणही होतो. अन्यायी हाताने दिलेले चांगले दान घ्यावे काय, आणि घेतले असेल तर त्याबद्दल कृतज्ञ राहावे काय? हा प्रश्न माझ्यापुढे आला तो पिशोरसारख्या गावात, आणि आला तोही मॉस्कोहून.

माझ्या लहानपणी शाळेच्या पुस्तकांना वर्तमानपत्राच्या कागदाची कव्हरे असत. ज्याच्या घरी सोव्हिएत मासिकाचा एखादा जुना अंक पोचला असेल, त्याच्या कव्हरांची ऐट काही निराळीच! गुळगुळीत कागद, त्यावर हसणाऱ्या शेतकरी बायका, ट्रॅक्टर आणि बर्फ. पुढे त्याच देशाची पुस्तके हाती येऊ लागली. टॉलस्टॉय, गॉर्की, पेरेलमनचे गमतीदार पदार्थविज्ञान. पक्की बांधणी, आणि किंमत एवढी कमी की बाजारच्या दिवशी उरलेल्या चिल्लरीत पुस्तक यावे. ही स्वस्ताई व्यापाऱ्याला परवडणारी नव्हती. मधला खर्च एक सरकार सोशीत होते, आणि त्यात त्याचा हेतू होता, हे उघड आहे.

त्या पुस्तकांत चिंगीझ ऐतमातोव्ह या किरगीज लेखकाची, १९६२ साली प्रसिद्ध झालेली ‘पहिला शिक्षक’ ही कथा होती. मी ती हिंदीतून वाचली. स्वतःच जेमतेम लिहितावाचता येणारा दुइशेन नावाचा तरुण एका पडक्या तबेल्यात शाळा काढतो, आणि हिवाळ्यात लहान पोरांना पाठुंगळीला घेऊन गारठलेला ओढा ओलांडतो. नदीनाल्यांपलीकडच्या वस्त्यांतून शाळेत येणारी मुले मी पाहिलेली होती. त्यामुळे तो दुइशेन मला परका वाटलाच नाही. माणसाने माणसाला शिकवणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे मला त्या कथेने पटवले. ते ऋण आहे, आणि ते मी नाकारीत नाही.

पण ऐतमातोव्हचे वडील तोरेकुल हे स्वतः कम्युनिस्ट पक्षाचे पुढारी होते. १९३७ साली त्यांना पकडले तेव्हा मुलगा आठ-नऊ वर्षांचा होता. १९३८ च्या नोव्हेंबरात त्यांना गोळी घालण्यात आली, आणि शंभरांहून अधिक प्रेतांबरोबर एका वीटभट्टीच्या जागी पुरून टाकले. घरच्यांना थडग्याचा पत्ता नाही. त्याच राज्याने १९६३ साली मुलाला लेनिन पारितोषिक दिले. बापाची हाडे दडवणारा हात आणि माझ्या हाती चिल्लरीच्या मोलात पुस्तक ठेवणारा हात, एकच!

१९९१ साली ते राज्य कोसळले. त्याच वर्षी तो खड्डा उकरला गेला आणि तोरेकुलच्या अवशेषांबरोबर त्यांच्यावरील आरोपाचा कागद सापडला. मुलाला बाप सापडला तो असा, त्रेपन्न वर्षांनी. ३१ ऑगस्ट १९९१ रोजी किरगिझस्तान स्वतंत्र झाला. आणि त्याच घटनेने सामुदायिक शेते मोडली, कारखाने थांबले. त्या मेंढपाळांच्या देशात मेंढ्यांची संख्या सुमारे एक कोटी होती, ती काही वर्षांतच चाळीस लाखांच्या आत आली. गुरे विकून पोट भरणे म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. रशियात १९९२ च्या जानेवारीत बाजारभाव मोकळे सोडले, आणि जन्मभराची शिल्लक वर्षभरात मातीमोल झाली. १९९४ पर्यंत तिथल्या पुरुषांचे सरासरी आयुर्मान ५८ वर्षांच्याही खाली घसरले. आणि आमच्याकडे येणारी ती पुस्तके बंद झाली.

आता न्याय कसा करावा? ज्याला वडिलांची हाडे मिळाली त्याला ‘पूर्वी पाव स्वस्त होता’ असे सांगणे क्रूरपणाचे आहे. ज्या म्हातारीचे निवृत्तिवेतन बुडाले तिला ‘पण तू आता स्वतंत्र आहेस’ असे ऐकवणेही तितकेच क्रूर आहे.

हा पेच आम्हांला तसा नवा नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचे गाव मोगलाईत होते. निजामाच्या राज्यात वेठ होती, मराठीची उपेक्षा होती, शेवटी रझाकारांचा धुमाकूळ झाला. आणि याच राज्याने १९१४ साली पुराणवस्तू खाते काढले, इटलीहून कारागीर आणवून आमच्या डोंगररांगेतल्या अजिंठ्याची चित्रे जपली. गावातले एक आजोबा रझाकारांच्या भीतीने घाट उतरून चाळीसगावकडे पळाल्याची हकिकत सांगत, आणि त्याच बैठकीत उर्दू शिकवणाऱ्या आपल्या मास्तरांचे नाव निघाले की कानाच्या पाळीला हात लावीत. त्यांना यात विसंगती वाटत नसे. मला वाटते, ते बरोबर होते.

व्यापारी दिवाळीला वही मिटवतो तेव्हा जमेतून नावे वजा करतो आणि उरते ती बाकी. नैतिक हिशेबात ही वजावट चालत नाही. अजिंठा जपला म्हणून वेठ माफ होत नाही. वेठ होती म्हणून चित्रे कुरूप ठरत नाहीत. दोन्ही रकमा पूर्ण आकड्यांनी वहीत राहायला हव्यात. राज्याची भलावण करणारे आणि राज्याचा द्वेष करणारे, दोघेही एकेक पान फाडून टाकतात.

मग ऋण फेडायचे कोणाचे? राज्याचे नव्हे, ते बुडाले. ज्यांच्या हिश्शाचे ओरबाडून ते दान आपल्यापर्यंत आले, त्यांचे. मी दुइशेनची कथा मुलांना सांगतो तेव्हा वीटभट्टीचीही सांगतो. कथेची गोडी त्याने कमी होत नाही. आणि दान देणारी राज्ये अजून संपलेली नाहीत. आजही आपल्या दारात काही ना काही येतच असते, कधी स्वस्तात, कधी फुकट. ते घेण्यात पाप नाही. मात्र घेताना, हे कोणाच्या ताटातून आले, एवढे विचारण्याची जीभ आपण दानाबरोबर गहाण टाकू नये.