मोकळे कुत्रे, निर्धास्त मालक

सोबत आलेल्या कुत्र्यासाठी युधिष्ठिराने स्वर्ग नाकारला, असे महाभारतात आहे. आमच्या गल्लीत मात्र कुत्र्यासाठी सकाळचा अर्धा तासही निघत नाही. फाटक उघडायचे, त्याला एकटे सोडायचे आणि आपण चहा घेत बसायचे! कोणी बोललेच तर, ‘‘तो काही करत नाही हो’’ हे ठरलेले उत्तर. शेजारच्या आजींनी देवळाची वाट बदलली, हे मालकाच्या गावीही नसते. प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका होऊ नये, याची काळजी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार गुन्हा आहे. प्रेम असेल, तर दारातली त्याची घाण उचलायला लाज का वाटावी? कुत्र्याला दोष देऊ नये. रेबीजची लस टोचून घेणे, पट्टा धरणे हे त्याला कसे जमणार?