खडीवर पडलेली गाडी



नवी मोटारसायकल घरी आली की तरुण ती प्रथम चर्चच्या दारात आणतात. धर्मगुरू पवित्र पाणी शिंपडतात, आई हँडलला हार घालते. आणि कधी आठवड्याच्या आतच ती गाडी रस्त्यावरच्या मोकळ्या खडीत आडवी होते. आरसा फुटतो, टाकीवर ओरखडा उमटतो. मग शेजारी विचारतात, "आशीर्वाद घेतला होता ना?"

आशीर्वाद म्हणजे विम्याची पॉलिसी नव्हे. देवाने निसर्गाला नियम दिले, तशी माणसाला बुद्धीही दिली. मोकळ्या खडीवर चाकाखालचे खडे घरंगळतात, टायरला घट्ट जमीन मिळत नाही. तिथे पुढचा ब्रेक करकचून दाबला किंवा हँडल झटकन वळवले, की पुढचे चाक निसटते. म्हणून खडी लागण्याआधीच वेग कमी करावा, गाडी सरळ ठेवावी, नजर लांब ठेवावी. संत थॉमस अक्वायनस यांनी दूरदृष्टी व सावधपणा हे विवेकाचे भाग मानले आहेत. तेव्हा वेळीच वेग आवरणे आणि हेल्मेट घालणे हासुद्धा सद्गुणच!

तरीही माणूस पडतो. क्रुसाच्या वाटेवर तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या स्थानावर आपण पडलेल्या प्रभूपुढे गुडघे टेकतो. पहिल्यांदा पडल्यावर लगेच, चौथ्या स्थानावर, त्याला आई भेटते. पाचव्यावर सिमोन त्याचा क्रूस उचलतो. तिथे जाब विचारला जात नाही, आधार दिला जातो.

पालकांनो, मुलगा खरचटून घरी आला की तुमचा पहिला प्रश्न कोणता असतो? "गाडीचं काय झालं? हप्ते कोण फेडणार?" की "बाळा, तुला कुठं लागलं?" ओरडा बसेल या भीतीने मुलगा डोक्याला लागलेला मार लपवतो आणि उपचाराला उशीर होतो. ओरखडा पुसता येतो, गेलेली वेळ परत येत नाही. जो मुलगा आज गाडी पडल्याचे सांगू शकत नाही, तो उद्या व्यसनात पडल्याचे कसे सांगेल? हिशेब जरूर विचारा, पण जखम धुतल्यावर.

इटलीतील कास्तेल्लाझ्झो येथील पवित्र मरियेला पोप बारावे पायस यांनी १९४७ साली मोटारसायकलस्वारांची आश्रयदाती म्हणून घोषित केले. तिच्या मध्यस्थीने आपल्या तरुणांना विवेक लाभो आणि आपल्या घरांना पडलेल्याला उचलणारे हात लाभोत. आमेन.