उन्हाळी शिबिराचे खरे माप

सुट्टीतील शिबिरास जाणाऱ्या तरुणांची संख्या वाढली म्हणजे आम्हांस आनंद होतो, व तो योग्यच आहे. परंतु प्रिय वाचकहो, शिबिराचे फळ डोकी मोजून कळते काय?

चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे बाबा आमटे यांनी श्रमसंस्कार छावणी चालू केली. महारोगातून बरे झालेल्यांनी कसलेल्या त्या भूमीवर शेकडो तरुणांनी भर मे महिन्यात कुदळ धरिली आहे. तेथे सोबत असते, उत्साह असतो. म्हणून काही दिवस घाम गाळणे जड जात नाही. खरी कसोटी पुढे आहे. छावणीत ज्याने कुदळ धरिली, तो घरी आईच्या डोक्यावरची घागर उतरवून घेतो काय? आपल्याच गावच्या रोग्याजवळ जाऊन बसतो काय?

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार पाहा. १९८९ नंतर तेथील लोकांनी श्रमदान केले, परंतु तेवढ्यावर ते थांबले नाहीत. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी व नशाबंदी हे नियमही त्यांनी वर्षानुवर्षे पाळिले; म्हणून त्यांच्या श्रमाचे पाणी विहिरींत टिकले.

यास्तव आईबापांनो, मुलांस शिबिरास अवश्य पाठवा; मात्र वैशाखात झालेली त्यांची हजेरी पौषात पुनः घ्या.