जिन्याखालची जागा

डोंबिवली पूर्वेला आमची बिल्डिंग तळमजला अधिक तीन मजल्यांची, लिफ्ट नाही. आम्ही तिसऱ्यावर. आईचे गुडघे बघता रिडेव्हलपमेंटच्या सभेत मी हात वर केला, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

पण जिन्याखाली इस्त्रीवाले काका आहेत. माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूचा शर्ट त्यांनीच कडक करून दिला होता. सभेत त्यांचा विषय निघाला तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "ते मेंबर नाहीत." खरंय. संमती लागते ती ५१ टक्के सभासदांची. काका त्या मोजणीतच नाहीत, दुसऱ्या मजल्यावरचं अकरा महिन्यांच्या करारावर राहणारं जोडपंही नाही. नवं घर मिळेपर्यंत आम्हाला बिल्डर भाडं देणार, त्यांना फक्त तारीख कळणार.

बाबांनी हप्ते फेडले, काकांनी नाही, असं मी स्वतःला समजावलं. पण हप्ते फेडले ते त्या वेळच्या किमतीचे. त्यानंतर भाव चढला त्यात बाबांचं कर्तृत्व काय? रोज लोकलला लटकून जाणारे, वडापाव तळणारे, इस्त्री करणारे, अशा सगळ्यांनी मिळून हे गाव राहण्याजोगं केलं. वाढलेली किंमत मात्र फक्त आमच्या नावावर.

काकांसाठी छोटा गाळा मागू या, असं एक आजोबा म्हणाले. "मग प्रत्येकाचा कार्पेट थोडा कमी होईल," बिल्डरचा माणूस म्हणाला. किती, हेही कुणी विचारलं नाही. मीही नाही.

काल काकांनी विचारलं, "नव्या बिल्डिंगला जिना असेल ना?" प्लॅन माझ्या मोबाइलवर होता. तिथे पार्किंग आहे.

"बघतो काका," म्हणालो आणि शर्ट घेऊन वर आलो.