घशात राहिलेला गळ

खडकावर बसून गळ टाकणाऱ्यांना हा प्रसंग नवा नाही. तांबोशी लहान निघते, सोडून द्यायची असते. पण गळ पार घशाखाली गेलेला. हात लगेच चिमट्याकडे जातो. माशाची दया येते म्हणूनच आपण ओढाओढ करतो, आणि नेमकं तेच त्याच्या जिवावर बेततं. कल्ले आणि हृदय तिथेच जवळ असतात. गळ उपसताना ते फाटतात, रक्त थांबत नाही. अशा वेळी तंगूस तोंडाशी कापून मासा सोडला, तर तो जगण्याची शक्यता कितीतरी जास्त, असं अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. बरेच मासे काही दिवसांत किंवा आठवड्यांत गळ स्वतःच टाकून देतात. साधं पोलाद खाऱ्या पाण्यात गंजतं, झिजतं. स्टेनलेसचं तसं नाही. ताहितीजवळच्या टायगर शार्कांच्या जबड्यांत असे गळ अडीच वर्षांहून अधिक काळ राहिलेले आढळले. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं, स्टेनलेसचा गळ घेऊच नका. टोक आत वळलेला गोल गळ घ्या. तो बहुधा जबड्याच्या कोपऱ्यातच अडकतो. आणि टोकाजवळचा उलटा काटा घरूनच पकडीने दाबून न्या.